व्याख्यानाला घरांतून कोण जातें?

ग्रंथालयांत एखाद्या लेखकाचें व्याख्यान ठरलें म्हणजे कार्यकर्त्यांना पहिली काळजी वक्त्याची असते, दुसरी जागेची आणि तिसरी श्रोत्यांच्या संख्येची. या तिन्ही काळज्या रास्तच आहेत. परंतु एका चौथ्या गोष्टीची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. ती म्हणजे, व्याख्यानाला प्रत्येक घरांतून कोण येतें आणि कोण घरीं राहतें? प्रस्तुत लेखांत तिचाच थोडा विचार करावयाचा आहे.

महाराष्ट्रांत वाचनालयांची परंपरा जुनी आहे. रत्नागिरीचें नगर वाचनालय १८२८ सालचें, पुण्याचें नगर वाचन मंदिर १८४८ सालचें. 'महाराष्ट्र सारस्वत'कार विनायक लक्ष्मण भावे यांच्या पुढाकारानें ठाण्यास मराठी ग्रंथसंग्रहालय निघालें तें १८९३ सालीं. मुंबईचें मराठी ग्रंथसंग्रहालय त्यानंतर पांच वर्षांनीं, म्हणजे १८९८ सालीं. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांच्या प्रेरणेनें पुण्यांत १८७५ सालीं वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. पुस्तक एकट्यानें वाचावें, पण त्याचा विचार चारचौघांत बसून करावा, अशी जोड त्या पिढीनें घालून दिली. आजचे लेखक-वाचक मेळावे, काव्यवाचनें, ग्रंथचर्चा हीं सर्व त्याच जोडीचीं फळें होत.

या इतिहासाला एक बोचरी बाजूही आहे. १८८२ सालीं पंडिता रमाबाई पुण्यास आल्या आणि त्यांनीं आर्य महिला समाज स्थापन केला. त्याच्या सभांना जाणाऱ्या स्त्रियांत न्यायमूर्तींच्या पत्नी रमाबाई रानडे होत्या. व्याख्यानमालेला प्रेरणा देणाऱ्या गृहस्थाचेंच तें घर. परंतु घरांतील वडील बायकांना तरुण मुलीनें सभेस जाणें मुळींच रुचलें नाहीं. त्यापायीं रमाबाईंना घरांत बोलणीं खावीं लागलीं. तीं त्यांनीं सोसलीं, पण शिकणें सोडलें नाहीं. १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' या पुस्तकांत ही हकीकत त्यांनीं मोठ्या संयमानें सांगितली आहे. पुण्याच्या सेवासदनाचा एवढा मोठा व्याप पुढें ज्यांनीं सांभाळला, त्यांची सभेची पहिली पायरी इतकी अवघड होती, हें आपण विसरतां कामा नये.

आज घरांतील सुनेला 'सभेला जाऊं नकोस' असें कोणी म्हणत नाहीं. मनाई गेली, पण वेळ कोणाचा मोकळा असावयाचा, हें अजून घरांत न बोलतां ठरलेलें असतें.

नव्या मुंबईतील कामोठ्यासारख्या वसाहतीचें उदाहरण घेऊं. मूळचें हें आगरी लोकांचें गांव. त्याच्या भोंवतालच्या शेतजमिनीवर सिडकोनें वसाहत आंखली. २०१६ सालीं पनवेल महानगरपालिका झाली, तिच्या हद्दींत ती आली. आतां पत्ता सांगावयाचा तो सेक्टरच्या क्रमांकानें. येथें कोणी सातारकडचा, कोणी खानदेशांतला, कोणी कोकणांतला, तर कोणी मुंबईची चाळ सोडून आलेला. एका जिन्यावर राहणाऱ्यांची ओळख बहुधा उद्वाहनांतल्या नमस्कारापुरती. अशा वस्तीला ग्रंथालयाच्या संध्याकाळीची गरज जुन्या शहरांहून अधिक आहे. शेजारच्या पनवेलीस के. गो. लिमये सार्वजनिक वाचनालयासारखी संस्था आहे, वासुदेव बळवंत फडके यांच्या नांवाचें नाट्यगृह आहे. वाशीस विष्णुदास भावे नाट्यगृह आहे. परंतु नाट्यगृहांत आपण अंधारांत बसतों. ग्रंथालयांत लेखक चार हातांवर बसलेला असतो, आणि त्याला प्रश्न विचारतां येतो.

आतां अशा संध्याकाळीं घरांत काय घडतें तें पाहा. कार्यक्रम साडेसहाचा. मुलगा मुंबईच्या कचेरींतून हार्बर मार्गानें मानसरोवर स्थानकावर उतरावयाचा तो आठाच्या सुमारास. सूनही नोकरी करणारी. ती घरीं पोंचते तों कुकर लावण्याची वेळ झालेली असते. नातू शिकवणीस गेलेला, धाकटीपाशीं आजी. राहतां राहिले सेवानिवृत्त आजोबा! ते धुतलेला सदरा घालून पहिल्या रांगेंत जाऊन बसतात, यांत त्यांचा दोष नाहीं. पण परत आल्यावर 'छान झालें व्याख्यान' एवढें म्हणून ते जेवावयास बसतात, आणि व्याख्यान तेथेंच संपतें. ज्या सुनेनें मराठी घेऊन एम. ए. केलें, त्या लेखकाच्या कथा जिनें कॉलेजांत असतांना रात्रीं जागून वाचल्या, ती त्या वेळीं पोळ्या लाटीत असते. तिचा प्रश्न विचारावयाचा राहून जातो.

कोणी म्हणेल, आतां व्याख्यानें मोबाईलवर ऐकतां येतात. पोळ्या लाटतांनाही तीं कानीं पडतात. तीं कानीं पडतात खरीं, पण वक्त्याला उभें राहून 'आपली नायिका शेवटीं माहेरीं कां परतली?' असें विचारतां येत नाहीं. शिवाय शेजारची बाई तोच प्रश्न मनांत घेऊन आली आहे, हेंही कळत नाहीं. आणि नव्या वस्तीत मैत्री जडते ती अशाच प्रसंगांनीं.

यावर उपाय फार मोठे नाहींत. ग्रंथालयांनीं महिन्याची एक तारीख कायमची ठरवावी आणि वेळ रविवारीं सकाळीं किंवा दुपारीं चारची ठेवावी. वक्त्याचें एक पुस्तक आधीं महिनाभर जाहीर करून त्याच्या चार प्रती देवघेवीस ठेवाव्या. भाषण पाऊण तासांत आटोपावें आणि उरलेला वेळ प्रश्नांना द्यावा. बोलण्याचा संकोच वाटणाऱ्यांसाठीं चिठ्ठ्या असाव्यात. लहान मुलांसाठीं शेजारच्या खोलींत गोष्टीचीं पुस्तकें मांडावीं. वर्षांतून एकदां तरी मूळच्या गांवकऱ्यांना बोलावून आगरी बोलींतील गाणीं व गोष्टी ऐकाव्यात. आपण कोणाच्या अंगणांत राहावयास आलों, हें नव्या रहिवाशांना त्यावांचून कळावयाचें नाहीं.

घरानें करावयाचें तें याहूनही सोपें आहे. त्या दिवशीं खिचडी-कढीवर भागवावें, आणि ती पुरुषांनीं केली तर अधिक चांगलें. एका महिन्यास आजोबांनीं नातीला सांभाळावें व सासूसुनांनीं जावें. पुढच्या महिन्यास पाळी बदलावी. आदल्या आठवड्यांत रात्रीच्या जेवणानंतर त्या पुस्तकाचीं दोन पानें मोठ्यानें वाचावीं. एकत्र कुटुंबांत तीन पिढ्या एका छपराखालीं असतात. चर्चामंडळास माणसें लागतात तीं येथें आयतींच आहेत. एकजण ऐकून आला तर व्याख्यान त्याच्यापाशीं राहतें, तिघें ऐकून आलीं तर आठवडाभर ताटावर वाद चालतो, आणि त्या वादांतून मुलांच्या कानीं चांगली मराठी पडते.

पुढच्या व्याख्यानाची जाहिरात फळ्यावर लागेल, तेव्हां वक्त्याचें नांव वाचून झाल्यावर घरीं एवढेंच विचारावें: 'या वेळीं पाळी कोणाची?'