लॉरेन्स, क्लायमॅक्स
(१६ जानेवारी १९७९ – ). भारतीय फुटबॉलपटू. जन्म गोव्यात. मधल्या फळीतील बचावात्मक खेळाडू म्हणून ते गोव्याच्या डेंपो संघाकडून दीर्घकाळ खेळले; त्या काळात संघाने २००७-०८ व २००९-१० मध्ये आय-लीग स्पर्धा जिंकली. प्रतिपक्षाची चढाई मध्येच तोडून चेंडू आघाडीच्या खेळाडूंकडे पोहोचविणे हे त्यांचे मुख्य कार्य असल्याने त्यांच्या नावावर गोल मोजकेच आहेत. तथापि २००८ च्या एएफसी चॅलेंज चषक स्पर्धेत हैदराबाद येथे अफगाणिस्तानविरुद्ध अखेरच्या क्षणी त्यांनी केलेला सामन्यातील एकमेव गोल निर्णायक ठरला. पुढे ताजिकिस्तानला ४–१ असे नमवून भारताने तो चषक पटकाविला आणि १९८४ नंतर प्रथमच आशिया चषकाच्या अंतिम स्पर्धेत (दोहा, २०११) स्थान मिळविले. २०१२ मध्ये ते आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्त झाले.