आडवी धांवणारी मोटार

पावसाळा संपून शाळेचें मैदान वाळलें कीं, सायकलीवरून येणाऱ्या मुलांचा एक खेळ दरवर्षीं ठरलेला असतो. फाटकांतून भरधांव आंत यावयाचें, कडुनिंबाजवळ मागचा ब्रेक करकचून दाबावयाचा आणि मुरमावर मागचें चाक आडवें फरफटवीत अर्धवर्तुळ काढून थांबावयाचें. ज्याची रेघ सर्वांत लांब, तो त्या दिवसाचा राजा. आम्ही शिक्षक त्यांना रागावतों. पण आमच्यांतील बहुतेकांनीं आपल्या काळीं तेंच केलेलें आहे, हेंही कबूल केलेलें बरें.

गेल्या वर्षीं नववींतील एका विद्यार्थ्यानें फोनवर मला एक चित्रफीत दाखविली. पेटीसारखी चौकोनी, जुनी व्होल्वो मोटार वळणावर जवळजवळ आडवी होऊन, मागच्या चाकांतून धुराचे लोट सोडीत सरकत होती. तोंड एकीकडे, प्रवास दुसरीकडे! त्यानें विचारलें, "सर, ही गाडी चालविणाऱ्याच्या हातांत आहे, कीं हातांतून सुटली आहे?" त्याचे वडील शेजारींच उभे होते. ते म्हणाले, "असलें पाहून हा उद्यां रस्त्यावर करूं लागला तर?" दोन्ही प्रश्न मला योग्य वाटले. उभ्या उभ्या त्यांचीं उत्तरें देतां आलीं नाहींत, म्हणून हा लेख.

प्रथम विज्ञानाचें पाहूं. मोटार स्टिअरिंगमुळें वळते असें आपण म्हणतों. वास्तविक तिला वळविणारें बळ टायर व रस्ता यांच्यामधील घर्षणांतून येतें. प्रत्येक टायर रस्त्याला जेथें टेकतो, ती जागा सुमारें तळहाताएवढी असते. अशा चार तळहातांच्या आधारावर तेराशें किलोग्रॅमचें धूड धांवत असतें, ही गोष्ट मोटारींत बसतांना किती जणांच्या लक्षांत असते कोण जाणे! वर्तुळांत फिरणाऱ्या वस्तूस केंद्राकडे ओढणारें बळ लागतें, आणि तें वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें, हें सूत्र आपण वर्गांत घोकतों. आतां तेंच रस्त्यावर आणा. ३० मीटर त्रिज्येचें वळण ताशीं ३० किलोमीटर वेगानें घेतलें, तर गाडीच्या वजनाच्या चतुर्थांशाहून थोडें कमी बळ पुरतें. वेग दुप्पट म्हणजे ताशीं ६० केला कीं, लागणारें बळ चौपट होऊन वजनाच्या जवळजवळ बरोबरीला येतें. साधा टायर कोरड्या डांबरावर वजनाच्या आठ-नऊ दशांशांहून अधिक पकड सहसा देत नाहीं. ओल्या रस्त्यावर ती बरीच घटते. म्हणजे येथें गाडी घसरणारच, मग चालविणाऱ्याची छाती कितीही मोठी असो.

ही पकड महिन्याच्या पगारासारखी असते, असें मी मुलांस सांगतों. ती वेग वाढविण्यांत खर्च करा, ब्रेक लावण्यांत करा, कीं वळण्यांत करा. एकूण रक्कम तेवढीच. मागच्या चाकांवर इंजिनाचा जोर एकदम सोडला, तर त्यांची सारी पकड पुढें ढकलण्यांतच संपते, बाजूस धरून ठेवण्यास कांहीं उरत नाहीं, आणि गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो. ज्याला ड्रिफ्टिंग म्हणतात, त्याचें मूळ हेंच. आमचीं मुलें सायकलीची पकड ब्रेकनें उधळतात, हे लोक ती इंजिनानें उधळतात.

एथपर्यंत कोणीही जाऊं शकेल. खरें कौशल्य पुढें आहे. डावीकडील वळणावर मागचा भाग उजवीकडे सुटला, कीं चालकानें स्टिअरिंगही उजवीकडेच फिरवावयाचें, म्हणजे गाडीचें तोंड कोठेंही असलें तरी पुढचीं चाकें जिकडे जावयाचें त्याच दिशेकडे पाहत राहतात. त्याच वेळीं उजव्या पायानें ॲक्सिलरेटर असा बेतानें धरावयाचा, कीं मागचीं चाकें घसरत राहावींत, पण गाडीनें गिरकी घेऊं नये. पाय अधिक पडला, तर गाडी स्वतःभोंवतीं फिरते. भिऊन पाय एकदम उचलला, तर मागच्या चाकांना पकड अकस्मात् परत मिळते व गाडी विरुद्ध बाजूस झटक्यानें फेकली जाते. नवशिक्यांस ही दुसरी चूक अधिक महागांत पडते, कारण भ्याल्यावर पाय उचलणें हा मनुष्यस्वभाव आहे.

यासाठीं इंजिनाचा जोर मागच्या चाकांना मिळणारी मोटार लागते. मुंबईंत २०२३ पर्यंत धांवलेल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी आणि अँबॅसडर मोटारी अशाच होत्या. इंजिन पुढें, आणि खालून लांब प्रोपेलर शाफ्ट मागच्या चाकांकडे जाणारा. आजच्या बहुतेक लहान मोटारी पुढच्या चाकांनीं ओढल्या जातात. त्यांच्याकडून ही करामत होत नाहीं.

ही कला जपानांत वाढली. कुनिमित्सु ताकाहाशी हा मूळचा मोटारसायकलचा शर्यतपटु. १९६१ सालीं पश्चिम जर्मनींत जागतिक स्पर्धेची शर्यत जिंकणारा तो पहिला जपानी. पुढें मोटारींच्या शर्यतींत १९७० नंतरच्या दशकांत तो वळणांतून गाडी घसरवीत नेऊं लागला. त्याचें पाहून केइची त्सुचिया या तरुणानें डोंगरांतील घाटरस्त्यांवर तेंच आरंभिलें, आणि १९८३ ते १९८७ या काळांत निघालेल्या लहान, हलक्या टोयोटा कोरोलाशीं त्याचें नांव कायमचें जोडलें गेलें. हाच त्सुचिया १९९९ सालीं ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतींत दुसऱ्या आलेल्या चमूंत होता. घाटरस्त्यावरील तो उद्योग मात्र बेकायदेशीर होता व जीवघेणाही. पुढें त्याला बंदिस्त शर्यतमार्ग आणि रीतसर स्पर्धा मिळाल्या, तेव्हांच तो उजळ माथ्यानें जगभर पसरला.

हलक्या जपानी मोटारी सोडून कोणी व्होल्वो २४० निवडतो, तेव्हां लोक हंसतात. हंसण्यासारखें आहेही. गोथेनबर्ग येथील व्होल्वो कंपनीनें १९७४ पासून १९९३ पर्यंत या जातीच्या सुमारें २८ लाख मोटारी बांधल्या, त्या मुलांना शाळेंत पोंचविण्यासाठीं, बाजारहाटासाठीं आणि कुत्र्यासह सुटीला जाण्यासाठीं. खांद्यावरून व कमरेवरून जाणारा जो पट्टा आज प्रत्येक मोटारींत आहे, तो याच कंपनीच्या नील्स बोहलिन या अभियंत्यानें १९५९ सालीं सिद्ध केला, आणि कंपनीनें त्याचें पेटंट इतर कारखान्यांनाही खुलें ठेवलें. अशा घराण्यांतील, काळजीवाहू आत्याबाईंसारखी दिसणारी ही गाडी! पण १९८५ सालीं तिच्याच टर्बो आवृत्तीनें युरोपीय टूरिंग-कार स्पर्धेचें आणि जर्मन स्पर्धेचें अशीं दोन्ही अजिंक्यपदें पटकाविलीं, व लोक तिला 'उडती वीट' म्हणूं लागले.

ड्रिफ्टिंगला ती उपयोगी पडते, त्यास कारणें आहेत. तिचें इंजिन उभें बसविलेलें असल्यामुळें पुढच्या चाकांना दोहों बाजूंस मोकळी जागा मिळते. म्हणून एवढी लांब गाडी अवघ्या ९.८ मीटर व्यासाच्या वर्तुळांत वळते. मागचीं चाकें एकाच भक्कम आंसावर आहेत; बैलगाडीच्या आंसाची आठवण व्हावी असा हा ओबडधोबड, पण न मोडणारा प्रकार. शिवाय कित्येक वर्षें ती स्वस्तांत मिळत असे. तिचें रूप मला तरी आवडतें. तें कोणाला फसवीत नाहीं.

आतां गाडी तयार करण्याचें काम. तें हौशी मनुष्य घरच्या पडवींत, सुटीच्या दिवशीं, कित्येकदां दोन-तीन हिंवाळे खपून करतो. प्रथम आंतील मागचें आसन, गालिचे, दारांची अस्तरें हें सर्व काढून टाकावयाचें. वजन उतरतें, आणि पत्रा उघडा पडल्यामुळें गंज कोठें आहे तें दिसतें. स्वीडनमध्यें हिंवाळ्यांत रस्त्यांवर मीठ टाकतात. त्यामुळें गंजाचा शोध ही औपचारिक गोष्ट नव्हे. पहिला महिना बहुधा सडलेला पत्रा कापून नवा जोडण्यांतच जातो. जो येथें कंटाळून वरून रंग फांसतो, त्याची गाडी पुढें पहिल्याच धक्क्याला त्याची चहाडी करते.

नंतर मागच्या आंसाच्या मध्यभागीं असलेलें डिफरन्शिअल. वळतांना बाहेरच्या चाकास आंतल्यापेक्षां अधिक अंतर कापावें लागतें; तो फरक पडूं देणारी ही दांतेरी चाकांची युक्ति आहे. ड्रिफ्टिंगमध्यें मात्र ती आड येते. वळणावर आंतील चाकावरचा भार कमी झाला कीं, सारा जोर तेंच एकटें चाक फुकट फिरवून वाया दवडतें. यावर गरिबाचा उपाय असा कीं, आंतील दांतेरी चाकें वेल्डिंगनें एकत्र जोडून टाकावयाचीं, म्हणजे दोन्ही चाकें सदैव बरोबर फिरतात. तसें केलेली गाडी साध्या वळणावरही टायर ओरडवीत जाते. ती मग रोजच्या रस्त्याच्या कामाची राहत नाहीं. गाडी बांधणारा जेव्हां हें वेल्डिंग करतो, तेव्हां ती बाजारहाटाची गाडी उरली नाहीं हें त्यानें मनाशीं ठरविलेलें असतें.

तिसरें काम पुढच्या चाकांचें. सामान्य मोटारीचीं चाकें पस्तीस-चाळीस अंशांपर्यंत वळतात. घसरणारी गाडी सांवरावयाची, तर पन्नासाहून अधिक अंश पाहिजेत. त्यासाठीं चाकांना स्टिअरिंगशीं जोडणारे भाग कापून, आंखूड करून पुन्हां जोडावे लागतात. येथील वेल्डिंग सुटलें तर वळणाच्या मध्यावर स्टिअरिंग निरुपयोगी होईल. म्हणून शहाणा मनुष्य एवढें काम तरी जाणत्या कारागिराकडून करवून घेतो. हँडब्रेकही बदलावा लागतो. मूळचा तारेनें ओढला जाणारा हँडब्रेक गाडी उभी करण्यापुरता ठीक. धांवत्या गाडीचीं मागचीं चाकें क्षणांत रोखण्यास तेलाच्या दाबावर चालणारा उंच दांड्याचा हँडब्रेक बसवितात.

इंजिनाविषयीं थोडक्यांत सांगतों, कारण मुलांना त्याचेंच आकर्षण अधिक असतें व महत्त्व त्या मानानें कमी आहे. मूळचें २.३ लिटरचें इंजिन सुमारें ११५ अश्वशक्ति देतें. त्याच घराण्यांतील पुढच्या ९४० मोटारीचें टर्बो इंजिन फारशी ओढाताण न करतां त्याच जागीं बसतें व सुमारें १६५ देतें. शिकणाऱ्यास तेवढें पुष्कळ होतें. गाडी आडवी चालल्यामुळें समोरची हवा रेडिएटरमधून नीट जात नाहीं आणि इंजिन तापतें; म्हणून मोठा रेडिएटर घालावा लागतो. शेवटीं, गाडी उलटली तर छप्पर दबूं नये म्हणून पोलादी नळ्यांचा पिंजरा, घट्ट धरणारें आसन आणि अनेक बंदांचा पट्टा. हें शेवटीं लिहिलें. पण खर्चाच्या यादींत तें पहिलें असावें.

अशी गाडी घेऊन जावयाचें तें 'ट्रॅक डे'स, म्हणजे शर्यतमार्ग हौशी लोकांस शुल्क घेऊन मोकळा करून देतात त्या दिवशीं. स्वीडनमधील मांतोर्प पार्क आणि नॉर्वेंतील रूडस्कोगेन येथें भरणारे 'गाटेबिल' नांवाचे मेळावे प्रसिद्ध आहेत. त्या नांवाचा साधा अर्थ रस्त्यावरची गाडी. सकाळीं गाडीची तपासणी होते. बॅटरी घट्ट आहे काय, तेल गळतें काय, शिरस्त्राण योग्य आहे काय हें पाहतात, आणि झेंड्यांच्या खुणा समजावून देतात. नवा मनुष्य प्रथम मोकळ्या पटांगणावर एका खांबाभोंवतीं वर्तुळें काढतो. जागा ओली असेल तर उत्तम, कारण कमी वेगांत गाडी सुटते आणि टायरही वांचतात. गिरक्या घेऊन घेऊन डोकें भणाणतें. मग केव्हांतरी एखादें अर्धें वर्तुळ अखंड जमतें, आणि काय केलें म्हणून जमलें तें त्याला स्वतःलाच सांगतां येत नाहीं. लिहावयास शिकणाऱ्या मुलाच्या पहिल्या सुबक अक्षराचेंही असेंच असतें.

आतां त्या पालकांचा प्रश्न. स्वीडनमध्यें मोटारीचा परवाना हवा असणाऱ्या प्रत्येकास बंदिस्त, घसरड्या मार्गावर गाडी चालविण्याचें शिक्षण घ्यावेंच लागतें. म्हणजे परवान्यापूर्वीं गाडी घसरण्याचा अनुभव तेथें सरकारच देतें. हें वाचून कोणी म्हणेल, मग घसरती गाडी सांवरावयास सर्वांनाच शिकवा, अपघात टळतील. मलाही प्रथम तसेंच वाटलें होतें. परंतु नॉर्वेंत १९७९ सालीं नव्या चालकांस असें शिक्षण सक्तीचें केलें, आणि पुढें तपासणी केली, तेव्हां तरुण पुरुषांचे घसरड्या रस्त्यांवरील अपघात घटण्याऐवजीं वाढलेले आढळले. त्यांच्या हातांत थोडी कला आली होती; भीति मात्र त्याहून अधिक गेली होती. म्हणून आतां त्या देशांत अशा शिक्षणाचा भर गाडी सांवरण्याच्या करामतीवर न ठेवतां, ती किती लवकर सुटते व किती दूर जाऊन थांबते हें चालकास दाखविण्यावर असतो. पालकांची भीति मी पोकळ मानीत नाहीं ती यामुळेंच. शर्यतमार्गावर गाडी सुटली तर पुढें मोकळी जागा असते. आपल्या घाटांत पुढें दरी असते, नाहीं तर समोरून येणारी एस्. टी.

त्या विद्यार्थ्यास मीं सांगितलें कीं, चित्रफीत हळूं करून चालकाचे हात पाहा आणि मोज. दुसऱ्या दिवशीं तो वही घेऊन आला. एका वळणांत चालकानें स्टिअरिंगची दिशा नऊ वेळां बदलली होती, आणि प्रत्येक वेळीं थोडीशीच. "म्हणजे सर, सुटलीही आहे आणि हातांतही आहे," तो म्हणाला. वडिलांनीं वही पाहिली, चित्रफीतही पुन्हां एकदां पाहिली, आणि बराच वेळ थांबून विचारलें कीं, मागचे टायर दिवसांत किती जोड लागतात. सराव जोरांत झाला तर दोन-तीन जोड सहज, असें मीं सांगितलें. तेव्हां त्यांनीं मुलाकडे जें पाहिलें, त्यावरून त्या घरीं हा विषय कांहीं काळ तरी मिटला असावा.