एक बाई, दोन नोकऱ्या आणि कराचा हिशेब



आपल्या समाजातली मुले-नातवंडे आता दूर दूर पोचली आहेत. अश्दोद, बेएर शेवा, दिमोना इथल्या आजी-आजोबांना कधी मुंबईहून फोन येतो तर कधी तोक्योहून. तिथे नवरा-बायको दोघे कामावर, मूल लहान, आणि सांभाळायला आजी नाही. मग बाई ठेवावी लागते. पण ती बाई आधीच दुसरीकडे काम करीत असली तर? तिच्या पगाराचे आणि कराचे काय? तोयोसुतल्या एका घराचे उदाहरण घेऊन आम्ही हे समजावून सांगतो.

मुलांनो, तोयोसु म्हणजे तोक्यो शहरात कोतो वॉर्डात समुद्रात भराव टाकून केलेली जमीन. १९२३ सालच्या मोठ्या भूकंपाचा राडारोडाही त्या भरावात गेला. तिथे जहाजे बांधण्याचा कारखाना होता, तो २००२ साली बंद झाला आणि उंच उंच इमारती उभ्या राहिल्या. ११ ऑक्टोबर २०१८ रोजी त्सुकिजीचा प्रसिद्ध मासळीबाजार तोयोसुला आला. आपल्या कोकणी जिभेला हे ऐकूनच बरे वाटेल! नदीपलीकडे एदोगावा वॉर्डात निशी-कासाई भागात भारतीयांची मोठी वस्ती आहे. योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ २०१९ साली त्या वॉर्डाच्या सभेवर निवडून आले.

आता मुद्द्याकडे येऊ. अशा वस्तीत मूल सांभाळायला पुष्कळदा आपल्याकडचीच एखादी बाई मिळते. तिचा नवरा नोकरीवर आलेला, ती त्याच्या कुटुंबातली म्हणून व्हिसावर. अशा बाईला काम करायला वेगळी परवानगी लागते, आणि परवानगी मिळाली तरी आठवड्याला २८ तासच. इथेच लोक फसतात. २८ तास एका नोकरीचे नव्हेत, सगळ्या नोकऱ्या मिळून २८. समजा, ती सकाळी एका दुकानात रोज ४ तास, आठवड्यात ५ दिवस काम करते. झाले २० तास. मग आपल्या घरासाठी उरले फक्त ८. जास्त केले तर तिचा व्हिसा धोक्यात येतो आणि ठेवणाऱ्यावरही गुन्हा लागू शकतो. "आम्ही विचारलेच नव्हते," ही सबब तिथे चालत नाही. म्हणून आधी तिचे रहिवासी कार्ड उलटून पाहावे, परवानगीचा शिक्का मागच्या बाजूला असतो. कायम वास्तव्याचा परवाना असलेल्या बाईला ही तासांची अट नाही.

पगाराचे पाहू. ताशी १,५०० येन ठरले तर ८ तासांचे १२,००० येन, आणि ५२ आठवड्यांचे ६,२४,००० येन. जपानी कायद्याने घरकामाला दोन किंवा त्याहून कमीच माणसे ठेवणाऱ्या कुटुंबाला पगारातून प्राप्तिकर कापावा लागत नाही. म्हणजे हातात पूर्ण पैसे जातात. पण कर माफ झाला असे नाही हो! दुकानातला पगार आणि घरातला पगार एकत्र करून कर निघत असेल तर बाईने स्वतः कर-कचेरीत विवरण भरायचे. त्याची मुदत १६ फेब्रुवारी ते १५ मार्च. कुटुंबाच्या सवलतीचा फॉर्म एकाच मालकाकडे देता येतो, तो तिने दुकानात द्यावा. वर्षअखेरचा हिशेब दुकान करते, पण तो दुकानाच्या पगारापुरताच, आपल्या घरचे पैसे त्यात येत नाहीत. पुढच्या वर्षी वॉर्डाचा रहिवासी करही येतो, तेव्हा थोडे पैसे बाजूला ठेवायला तिला आधीच सांगावे. कायम वास्तव्याचा अर्ज करताना कर भरल्याचे दाखले मागतात. आज लपवलेले उद्या तिच्याच आड येते.

बाई एजन्सीतर्फे आली असेल तर पगार व कराचा व्यवहार एजन्सीचा.

आपल्या इस्राएलमध्ये दोन नोकऱ्या करणाऱ्याला 'तेउम मास' करून घ्यावे लागते, नाहीतर दुसऱ्या पगारातून ४७ टक्क्यांपर्यंत कर कापला जातो. आणि घरी मेतापेलेत थोडे तास येत असली तरी तिचा बितुआह लेउमी आपणच भरायचा. जपानात घरी ठेवलेल्या बाईला कामगार कायद्याचे संरक्षण मिळत नाही. ताशी किमान वेतनाचा नियमही तिला लागू नाही. काम करताना इजा झाली तर सरकारी विमा आपोआप मिळत नाही, त्यासाठी वेगळे नाव नोंदवावे लागते. म्हणून तिथल्या सरकारने २०२४ साली अशा घरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या: काम, तास, पगार, सुट्टी सगळे लिहून द्या.

कायदा कमी पडतो तिथे आपली माणुसकी कमी पडू नये. मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्यावी, हे आपल्याला तोराने फार पूर्वी शिकवले आहे. तेव्हा पुढच्या फोनवर मुलांना एवढे सांगा: वहीत तारीख, तास, दर आणि रक्कम लिहा, गाडीभाडे वेगळे मांडा, दर महिन्याला बाईची सही घ्या आणि एक प्रत तिलाही द्या. तीच प्रत घेऊन ती कर-कचेरीत जाईल. आपल्या नातवाला जी जीव लावते, तिचा हिशेब चोख असलाच पाहिजे.