शेततळ्याचा जुना कागद बदलताना

सिंधुदुर्गात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो; तरीही एप्रिल-मे महिन्यांत मालवण, देवगड परिसरातील अनेक बागांना पाण्याची चिंता असते. कारण पायाखालीच आहे. जांभा दगड सच्छिद्र असल्यामुळे पाणी त्यात मुरते आणि उताराने समुद्राकडे निघून जाते. सड्यावर नुसता खड्डा खणून तळे होत नाही. त्याला प्लास्टिकचे अस्तर लागते. बाजारात त्यालाच ‘शेततळ्याचा कागद’ म्हणतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने आंबा-काजूच्या कोवळ्या कलमांसाठी सुचविलेले छोटे जलकुंडही याच तत्त्वावर चालते.

हा कागद कायमचा नसतो. पेढी शहरात आणि कलमांची बाग कोकणात, अशी विभागणी असलेल्या कुटुंबांत तो बदलण्याचा निर्णय बहुधा दरपत्रक पाहून दुरूनच घेतला जातो. या कामात पैसा जातोच. पण त्याहून मोठी गोष्टही गुंतलेली असते.

बदलावा की जोडावा?

पाण्याची पातळी उतरली म्हणजे कागद फाटलाच, असे नव्हे. उन्हाने बाष्पीभवन होतच असते. तळ्याच्या काठाशी पाण्यात एक भरलेली बादली बांधून ठेवावी आणि चार-पाच दिवस दोन्हींची घट मोजावी. उपसा बंद असताना तळ्याची घट बादलीपेक्षा स्पष्टपणे जास्त असेल, तर गळती आहे असे समजावे.

कागद प्रथम खराब होतो तो पाण्याच्या रेषेच्या वर, जिथे ऊन थेट लागते. तिथला भाग दुमडून पाहावा. लवचीक असेल, तर उंदराने कुरतडलेले किंवा गुरांच्या खुराने पडलेले भोक गरम हवेच्या यंत्राने ठिगळ जोडून बुजविता येते. दुमडताच तडकत असेल, तर ठिगळावरचा खर्च वाया जातो.

मोजमाप आणि मांडणी

वरची लांबी-रुंदी प्रत्येकी १५ मीटर, खोली ३ मीटर आणि काठांना ४५ अंशांचा उतार असलेल्या तळ्यात सुमारे ४ लाख ४१ हजार लिटर पाणी मावते. कागद मात्र १५ बाय १५ मीटरचा पुरत नाही. तळ आणि दोन्ही उतार मिळून एका दिशेने साडेसतरा मीटर होतात. काठावरच्या चरात गाडण्याचा भाग धरला की सुमारे २० मीटर. म्हणजे चारशे चौरस मीटर कागद लागतो. तो ५०० मायक्रॉन जाडीचा आणि आयएस १५३५१ या मानकाचा आहे, हे पावतीवर लिहून घ्यावे.

जुना कागद काढल्यावर खरे काम सुरू होते. जांभ्याच्या टोकदार कडा फोडाव्यात, झुडपांची मुळे उपटावीत, खड्डे मऊ मातीने भरून चोपावेत. एक टोकदार खडासुद्धा पाण्याच्या भाराखाली नव्या कागदाला भोक पाडू शकतो. कागद सकाळच्या थंड वेळी, थोडा सैल ठेवून पसरावा. उन्हात तो प्रसरण पावतो. ज्या जागी पावसाळ्यात खालून झरे फुटतात, तिथे पाण्याला वाट काढून द्यावी आणि तळे रिकामे ठेवू नये. अन्यथा खालचे पाणी कागद उचलून धरते. सगळे काम मृगाच्या आधी उरकलेले बरे.

उतरविलेला कागद जवळपास दोन क्विंटल भरतो. तो जाळल्यास विषारी धूर होतो, पुरल्यास जमीन बिघडते. धुऊन, गुंडाळून भंगारात दिल्यास त्याचा पुनर्वापर होतो.

जीवाची काळजी

आता सर्वांत महत्त्वाचे. शेवाळ चढलेला कागद इतका निसरडा असतो की, पट्टीच्या पोहणाऱ्यालाही उतार चढून बाहेर येता येत नाही. महाराष्ट्रात शेततळ्यांत बुडून मुले आणि मोठी माणसे दगावल्याच्या बातम्या वारंवार येतात. एकाला वाचवायला उतरलेला दुसराही त्यात जातो. बागेत वस्तीला असलेल्या राखणदाराची मुले याच पाण्याच्या काठी वाढतात.

कागद बदलताना कारागीर आणि साहित्य जागेवरच असते. उपाय करण्याची वेळ तीच. चारही बाजूंनी, हातभर अंतरावर गाठी मारलेले जाड दोर तळापर्यंत सोडावेत. ते कागदाला भोक न पाडता बाहेरच्या भक्कम खांबांना बांधावेत. काठावर हवा भरलेली एक ट्यूब कायम असावी. भोवती जाळीचे कुंपण आणि कुलूप लावता येणारे फाटक असावे. पाण्यापर्यंत जाळीची एखादी पट्टी सोडली, तर तहानेने आत पडलेले छोटे प्राणीही चढून येतात.

तळे रिकामे करताना तळाशी मासे आणि बेडूक उरतात. पाणी गाळून पिण्याचा संस्कार असलेल्या घरांना त्यांच्याविषयी वेगळे सांगायला नको. शेवटचे हातभर पाणी सावकाश उपसावे आणि ते जीव पाण्यासह दुसऱ्या तळ्यात पोहोचवावेत.

कागदाच्या दरपत्रकात दोर, ट्यूब आणि कुंपण यांच्या ओळी सहसा नसतात. एकूण खर्चाच्या मानाने त्यांची रक्कम थोडी असते. त्या ओळी मालकानेच लिहून घ्याव्यात आणि त्यानंतरच कामाला संमती द्यावी.