बेळगावात उभी राहिलेली पलटण : महार रेजिमेंट, १९४१

युद्ध सुरू झाले की नवी पलटण उभारण्याचा हुकूम एका दिवसात निघतो. पण पलटण एका दिवसात तयार होत नाही. १९३९ मध्ये हिंदी लष्करात सुमारे दोन लाख सैनिक होते. १९४५ पर्यंत ही संख्या पंचवीस लाखांच्या घरात गेली. सक्तीची भरती नव्हती. सर्वजण स्वेच्छेने दाखल झाले होते. या वाढीतील एक महत्त्वाचे प्रकरण बेळगावात घडले.

वेंगुर्ले रस्त्यालगतच्या उचगावापासून बेळगावची छावणी काही मैलांवरच आहे. १ ऑक्टोबर १९४१ रोजी याच छावणीत महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली.

महार समाजाला सैनिकी पेशा नवा नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ हे सुभेदार होते आणि लष्करी शाळेत मुख्याध्यापकही होते. परंतु १८९२ च्या सुमारास ही भरती बंद झाली. त्याबरोबर नोकरी गेलीच, शिवाय लष्करी शाळांतून मिळणारे शिक्षणही गेले. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, १११ वी महार पलटण उभारली गेली. १९२१ मध्ये तीही मोडण्यात आली. पुढे १९४१ मध्ये राष्ट्रीय संरक्षण मंडळाचे सदस्य झालेल्या बाबासाहेबांनी स्वतंत्र रेजिमेंटचा आग्रह धरला.

या वीस वर्षांच्या खंडाचा परिणाम प्रशिक्षणावर होणे अटळ होते. रंगरूटास कवायत, नेमबाजी आणि कूच शिकवतो तो जुना हवालदार. जी पलटणच मोडली गेली, तिचे जुने हवालदार आणायचे कोठून? त्यामुळे अनुभवी माणसे इतर पलटणींतून घ्यावी लागली. पहिल्या पलटणीचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल जॅक्सन हे फ्रंटियर फोर्स रायफल्समधून आले होते आणि सुभेदार मेजर होते शेख हसनुद्दीन. बंदूक कारखान्यातून मिळते, शिक्षक मात्र घडवावा लागतो, हे येथे स्पष्ट दिसते.

भाषेचा प्रश्नही होताच. त्या काळी लष्करातील शिकवणीचे माध्यम रोमन लिपीत लिहिलेली उर्दू हे होते. मराठी रंगरूटास लिपी नवी असली तरी शब्द अगदीच परके नव्हते. फौज, हुकूम, हवालदार, जमादार, सुभेदार हे अरबी-फारसी वळणाचे शब्द शिवकाळापूर्वीपासून मराठीत रुळलेले आहेत.

१९४२ मध्ये बेळगावातच पंचविसावी महार पलटण उभी राहिली. दुसरी पलटण, जी कामठीत उभारली गेली होती, ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढली. युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, रेजिमेंट मोडली गेली नाही. तिचे मशीनगन रेजिमेंटमध्ये रूपांतर झाले. १९२१ ची पुनरावृत्ती टळली. शिकवणाऱ्यांची जी साखळी एकदा तुटली होती, ती या वेळी पुढच्या पिढीच्या हाती सुखरूप पोचली.