टोरोंटोचं पत्र : बंदी नको, भिंतीवरचा कागद हवा

तासगावहून फोन आला की हा प्रश्न ठरलेला : "तिकडं शाळेत शेंगदाणा न्यायला कायद्यानं बंदी हाय म्हणं?"

तसं नाही. आमच्या ओंटारिओत १ जानेवारी २००६ पासून शाळांमधल्या ॲलर्जीबद्दलचा ‘सबरीनाज लॉ’ लागू आहे, पण तो कुठल्याच पदार्थावर बंदी घालत नाही. "दाणे आणू नका" हे शाळा आपापलं ठरवतात आणि ते पाळताना आम्ही आया रडकुंडीला येतो. वांग्यात कूट, कोशिंबिरीत कूट, खिचडीत कूट! लेकीचा डबा एकदा तसाच परत आला, कारण झाकणाला लाल चटणी लागली होती. नुसत्या लसणाची होती, पण बाईंना कसं कळावं? पोर दिवसभर एका सफरचंदावर राहिली. तो राग अजून गेलेला नाही.

शिवाय जिच्या नावाचा हा कायदा, ती तेरा वर्षांची सबरीना शॅनन दाण्यानं गेलीच नाही. २००३ साली तिनं शाळेच्या कँटीनमधले फ्रेंच फ्राइज खाल्ले. ते वाढायच्या चिमट्याला चीज लागलेलं असावं आणि तिला दुधाची ॲलर्जी होती. आता दुधावर कोण बंदी घालणार? कॅनडात पाकिटावर जाहीर कराव्या लागणाऱ्या ॲलर्जीच्या पदार्थांत तीळ आणि मोहरी आहेत, सल्फाइटही आहे. आपल्या बेदाण्याला गंधकाची धुरी देतात ना, त्यातून येतं तेच. सगळंच बंद करायचं तर फोडणीसुद्धा घालता यायची नाही.

मला कौतुक वाटतं ते शाळेच्या ऑफिसच्या भिंतीचं. तिथं मुलांचे फोटो लावलेत. प्रत्येकाखाली कशाची ॲलर्जी, इंजेक्शन कुठं ठेवलंय, फोन कुणाला करायचा, सगळं लिहिलंय. पेनासारखं ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन : निळं टोपण काढायचं, केशरी टोक मांडीवर दाबून धरायचं, पँटवरूनही चालतं. शिक्षकांना हे नेमानं शिकवायचं, हे कायद्यातच आहे. लेकीच्या बाईंनी मला ते सराव-पेनावर करून दाखवलं.

आणि आपल्याकडं? संक्रांतीला भाच्याच्या वर्गात तिळाचे लाडू वाटले, त्यात दाण्याचं कूट. त्याचे ओठ सुजले, आवाज बसला, धाप लागली. बाईंनी पाणी पाजलं, आमसूल चोळलं आणि त्याला बाकावर निजवलं. दाजींनी मोटरसायकलवरून दवाखाना गाठला, डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, म्हणून तो वाचला. तरी घरातले म्हणतात, "आपण शेंगा खाऊनच वाढलो की! थोडं थोडं दे, सवय होईल." अहो, अशा पोराला घरच्या घरी सवय लावायला जाल तर जीव जाईल त्याचा!

ताईला म्हटलं, शाळेत लेखी दे. ती म्हणाली, "नको गं, त्याला वेगळं बसवतील." ही भीती खोटी नाही. इथंही अशा मुलांना डबा खायला वेगळ्या टेबलावर बसवलेलं मी पाहिलंय आणि मला ते पटलेलं नाही. तरी तिनं परवा हेडमास्तरांना कागद दिला. त्यांनी घेतला, फोटोही मागितला. "इंजेक्शन कोण देणार?" इथं गाडी अडलीय. उत्तर आता तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी द्यावं, जूनमध्ये शाळा उघडायच्या आत.