दिवसांचा अनुक्रमांक आणि दिनांक

विद्यार्थ्यांची किंवा लाभार्थ्यांची यादी एका संगणकातून दुसऱ्या संगणकात नेली असता जन्मदिनांकाच्या रकान्यात कधी कधी ४२१७० असा आकडा उमटतो. हा आकडा निरर्थक नसतो. एक्सेलसारख्या प्रणालीत दिनांक हा दिवसांच्या अनुक्रमांकाच्या रूपाने साठविला जातो. दिवस, महिना व वर्ष हे त्याचे दर्शनी रूप होय. दोन दिनांकांमधील अंतर साध्या वजाबाकीने मिळावे, हा यामागील हेतू आहे.

ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. ठरावीक आरंभापासून लोटलेल्या दिवसांच्या संख्येस भारतीय ज्योतिर्गणितात ‘अहर्गण’ म्हणतात. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी ‘ग्रहलाघव’ या ग्रंथात शके १४४२ (इ. स. १५२०) हा आरंभ धरला आणि ही संख्या आटोपशीर राहावी म्हणून अकरा वर्षांची चक्रे योजली.

आकडा उलगडण्याची रीत

एक्सेलच्या प्रचलित गणनेत १ जानेवारी १९०० या दिवसाचा क्रमांक १, तर १ जानेवारी २०१५ चा ४२००५ आहे. तो ४२१७० मधून वजा केल्यास १६५ उरतात. जानेवारी ते मे या महिन्यांचे १५१ दिवस वगळता १४ उरतात. १ जूनच्या पुढे १४ दिवस मोजल्यास १५ जून २०१५ हा दिनांक मिळतो.

हेच काम करणारी आज्ञावली ग्रेगरीय दिनदर्शिकेतील नियमितपणाचा आधार घेते. या दिनदर्शिकेत ४०० वर्षांत ९७ लीप वर्षे, म्हणजे एकूण १,४६,०९७ दिवस असतात. वर्षाचा आरंभ १ मार्चला मानला, की लीप वर्षाचा जादा दिवस वर्षअखेरीस येतो व महिन्यांचा हिशेब सोपा होतो.

आरंभदिनाचे महत्त्व

१९०० हे लीप वर्ष नव्हते. तथापि १९८३ मध्ये आलेल्या लोटस १-२-३ या प्रणालीत ते तसे मानले गेले आणि तिच्याशी मेळ राहावा म्हणून एक्सेलनेही तीच गणना स्वीकारली. त्यामुळे अस्तित्वात नसलेल्या २९ फेब्रुवारी १९०० ला तेथे ६० हा क्रमांक आहे. मॅकिंटॉश संगणकावरील एक्सेलच्या जुन्या आवृत्त्यांत १ जानेवारी १९०४ हा आरंभ धरलेला असे. या दोन गणनांत १,४६२ दिवसांचे अंतर पडते. दुसऱ्या गणनेने ४२१७० म्हणजे १६ जून २०१९. मूल चार वर्षांनी लहान ठरते आणि शाळाप्रवेशाचे वा शिष्यवृत्तीचे गणित चुकते.

म्हणून असे आकडे रूपांतरित करण्यापूर्वी यादीतील एक-दोन नोंदी मूळ दाखल्याशी ताडून आरंभदिन निश्चित करावा. यादी दुसरीकडे पाठविताना वर्ष, महिना व दिवस स्वतंत्र रकान्यांत लिहावेत. मूळ नोंदवहीही जतन करावी. कारण शंका उद्भवल्यास अंतिम आधार तिचाच असतो.